आमच्या गल्लीतल्या गाळ्यात परमिट रूम: सोसायटीने सही करावी का? (इंदिरानगर, नाशिक)

सकाळची_फेरी (धागाकर्ती) | सोमवार, सकाळी ७.५०

नमस्कार मंडळी.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे मागच्या आठवड्यात एक अर्ज आला. तळमजल्यावरच्या चार नंबरच्या गाळ्यात 'रेस्टॉरंट व परमिट रूम' सुरू करायचं आहे, सोसायटीने ना हरकत दाखला द्यावा, असा मजकूर आहे. रविवारी सभा ठेवली आहे. अध्यक्षांचं म्हणणं, सही देऊन मोकळे होऊ, उगाच कुणाशी वाकडं नको. मला काही ते पटेना, म्हणून इथे लिहिते आहे.

आधीच सांगते, दारूचं नाव काढलं की तोंड फिरवणारी मी नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की गंगापूर धरणाकडच्या वायनरीत त्यांना आम्हीच घेऊन जातो. आपल्या शहराला वाईनची राजधानी म्हणतात त्याचं मला कौतुकच आहे. माझी हरकत या जागेला आहे.

ठिकाण माहीत नसेल त्यांच्यासाठी: जॉगिंग ट्रॅककडून आत वळलं की आमची गल्ली. रस्ता नऊ मीटरचा, पण दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की घंटागाडीसुद्धा आरसे मिटून जाते. गाळ्यांच्या वर चार मजले, सोळा कुटुंबं. गल्लीच्या टोकाला महापालिकेची शाळा. तिच्या अलीकडे अभ्यासिका, जिथे स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली रात्री अकरापर्यंत बसलेली असतात. कोपऱ्यावर वाईन शॉप आधीपासूनच आहे आणि त्याला लागून मोकळा भूखंड.

त्या भूखंडाचं सांगते. मी पहाटे पावणेसहाला फिरायला निघते. झाडणाऱ्या ताई तेव्हा तिथे आलेल्या असतात. खराटा लावण्याआधी त्या वाकून हातांनी काचा वेचतात, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वेगळ्या भरतात आणि गोणीचं तोंड बांधून त्याला लाल चिंधी लावतात. चिंधी कशाला, म्हणून मी विचारलं. तर म्हणाल्या, घंटागाडीवरचा पोरगा घाईत गोणी छातीशी धरून उचलतो, त्याला कळायला पाहिजे. मागच्या श्रावणात त्यांचा स्वतःचा अंगठा चिरला होता. मी घरातून हळद नेऊन दिली. "सोमवारी जास्त असतंय बघा," एवढंच बोलल्या आणि परत कामाला लागल्या.

हे सगळं एका दुकानापायी. आता त्याच गल्लीत बसून प्यायची सोय होणार. उघडलेलं शटर बंद करायला वर्षं जातात, म्हणून आत्ताच बोलायला हवं असं मला वाटतं. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर कृपया लिहा. कायद्याचं कुणाला माहीत असेल तर तेही.

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ९.१५

ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण तो वाईन शॉपचा आहे. तिथे बाटली मिळते, बसायला जागा मिळत नाही, म्हणून माणसं भूखंडावर नाहीतर गाडीत बसून पितात. परमिट रूममध्ये टेबल-खुर्ची असते, संडास असतो, बिल असतं, दारात माणूस असतो. बाटली तिथेच राहते. तुमच्या भूखंडावरच्या काचा कदाचित कमीच होतील. चांगलं चाललेलं हॉटेल गल्लीत आल्याने वस्ती बिघडते, हे मला मान्य नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडला इतकी हॉटेलं आहेत, तिथे लोक राहत नाहीत का?

तीस_वर्षं_इंदिरानगर | सोमवार, सकाळी ९.४०

राहतात, आणि रात्री खिडक्या लावून राहतात. माझी बहीण तिकडेच आहे. शनिवारी तिच्या फाटकासमोर दुसऱ्याची गाडी लागलेली असते, आणि हलवा म्हणायला गेलं तर चार जण अंगावर येतात.

सकाळची_फेरी, सही अजिबात देऊ नका. उघडलंच तर बायकांनी मतदान घेऊन बाटली आडवी करायची. गावोगावी बायकांनी केलंय, आपण का नाही?

मोजणीवाले_काका | सोमवार, दुपारी १२.०५

मी भूमी अभिलेखातून निवृत्त झालो. वकील नाही, पण या नियमांशी नोकरीत संबंध आला, म्हणून थोडं लिहितो.

आडव्या बाटलीचं मतदान २००८ च्या आदेशाने येतं आणि ते सुरू असलेलं दुकान बंद करण्यासाठी आहे. वॉर्डातल्या किमान २५ टक्के मतदारांच्या किंवा महिला मतदारांच्या सह्या जमवायच्या, त्या पडताळल्या जातात, मग गुप्त मतदान. गावात एका चावडीवर हे जमतं. आपल्याकडे एका प्रभागात हजारो मतदार, अर्धे भाडेकरू, अनेकांची नावं अजून मूळ गावच्या यादीत. म्हणून ताई म्हणतात ते बरोबर, शटर उघडण्याआधीची हरकत स्वस्त पडते.

आता मुख्य मुद्दा. परमिट रूमचा परवाना म्हणजे एफएल-३. तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली जिल्हाधिकारी देतात, आणि जागेची चौकशी राज्य उत्पादन शुल्क विभाग करतो. मुंबई विदेशी मद्य नियम, १९५३ प्रमाणे शाळा किंवा धार्मिक स्थळापासून ७५ मीटरच्या आत हा परवाना देता येत नाही. तुमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे म्हणता. किती लांब? अंदाज नको, आकडा सांगा.

सकाळची_फेरी | सोमवार, दुपारी २.३०

काका, अर्जासोबत नकाशा जोडला आहे. त्यात शाळेचं अंतर ११२ मीटर दाखवलंय. अभ्यासिका मात्र पंचवीस पावलांवर आहे, मी स्वतः चालून मोजलं. आणि गल्लीच्या तोंडाशी पारावरचा मारुती आहे, सिटीलिंकचा थांबाही आहे. हे सगळं धरलं जाईल ना?

मोजणीवाले_काका | सोमवार, दुपारी ३.१०

नाही, आणि हे आत्ताच कळलेलं बरं. शैक्षणिक संस्था म्हणजे मान्यताप्राप्त शाळा आणि कॉलेज. खासगी क्लास त्यात येत नाहीत, अभ्यासिकेचाही उपयोग होणार नाही. धार्मिक स्थळ सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं लागतं. पारावरच्या मारुतीची नोंदणी आहे का, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. बहुधा नसेल. थांब्याचं म्हणाल तर नियमात एसटी महामंडळाची स्थानकं आणि आगारं आहेत, शहर बसचा थांबा नाही.

म्हणजे सगळा भार शाळेवर. अंतर कसं मोजतात तेही सांगतो. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषा मारायची नसते. हॉटेलच्या दाराचा मध्य घ्यायचा, तिथून पायी माणूस नेहमी ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने टेप न्यायची, आणि संस्थेला कुंपण असेल तर तिच्या सर्वांत जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजायचं. 'सर्वांत जवळच्या' हे शब्द लक्षात ठेवा.

कोपऱ्यावरचा | सोमवार, सायंकाळी ६.००

हायवेपासून पाचशे मीटरची बंदी सुप्रीम कोर्टाने घातली होती ना? इंदिरानगर तर मुंबई-आग्रा हायवेला चिकटूनच आहे. तो मुद्दा लावा.

मोजणीवाले_काका | सोमवार, सायंकाळी ६.२५

तो निकाल डिसेंबर २०१६ चा. एप्रिल २०१७ पासून लागू झाला तेव्हा हायवेलगतचे बरेच बार बंद पडले होते. पण जुलै २०१७ मध्ये कोर्टानेच स्पष्ट केलं की शहरांच्या हद्दीतल्या परवान्यांना ती बंदी आडवी येत नाही. हरकतीत तो मुद्दा घालू नका. एक पोकळ मुद्दा असला की बाकीचा अर्जही कुणी नीट वाचत नाही.

तिसरा_मजला | सोमवार, रात्री ११.२०

हा धागा दुपारपासून तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. शेवटी लिहिते आहे.

माझ्या नवऱ्याची सुटली त्याला सात वर्षं झाली. सुटण्याआधीची दोन वर्षं तो सोडायचा, धरायचा, परत सोडायचा. तेव्हा आमच्या जवळ एकही बार नव्हता, मुंबई नाक्याच्या बाजूला जावं लागायचं. संध्याकाळी सात वाजले की तो चप्पल घालायचा. मी काही बोलायचे नाही, फक्त म्हणायचे, "चला, मीही येते, भाजी आणायची आहे." दोघं चालायला लागायचो. पाऊण रस्ता गेलो की कधी कधी तो स्वतःच थांबायचा. एकदा कालव्याच्या बाजूला दगडावर बसून अर्धा तास रडला आणि परत फिरला. त्या दिवशी कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी आलो होतो, ती मी वाळेपर्यंत फ्रिजवर ठेवली होती.

तो दोन किलोमीटरचा रस्ता नसता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. बार आमच्या जिन्याखाली असता तर चप्पल घालायचीसुद्धा गरज नव्हती. गोदाकाठ, तुम्ही म्हणता तसं ते हॉटेल चांगलंही चालेल. पण तळलेल्या चखण्याचा वास डक्टमधून वर येतोच, आणि सातव्या वर्षीही माणसाच्या नाकाला तो कळतो. आम्ही त्याच बिल्डिंगमध्ये राहतो. मी कोण, हे शेजाऱ्यांना कळेल. कळू दे.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ११.४५

ताई, हे वाचून गप्प झालो. मी वरचं लिहिलं तेव्हा बिल्डिंगमध्ये वर कोण राहतं याचा विचार केला नव्हता.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८.३०

मी नर्स आहे. दुसरी पाळी संपवून स्कूटीवर याच गल्लीतून पावणेबारा-बाराला घरी येते. माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

रात्री ही गल्ली म्हणजे बंद शटरांची रांग आणि त्या भूखंडावरचा अंधार. दिवा दोन महिने बंद होता. मोबाईलच्या उजेडात चार-पाच जण बसलेले असतात, स्कूटीचा आवाज आला की एकदम गप्प होतात. ती शांतता मला शिट्टीपेक्षा वाईट वाटते. आमच्या हॉस्पिटलजवळ एक हॉटेल उशिरापर्यंत उघडं असतं. दिवे, काउंटरवर बाई, बाहेर वॉचमन. तिथून जाताना मी कधी वेग वाढवत नाही. म्हणून बार आला की बाईला भीती, असं सरसकट म्हणू नका. माझी भीती अंधाराची आहे. उजेड आणि माणसं असलेलं काहीतरी या गल्लीत हवंय मला.

तिसरा मजला ताई, तुमचं वाचलं. तुमच्या जागी असते तर मीही सही दिली नसती.

सकाळची_फेरी | मंगळवार, सकाळी १०.१०

रात्रपाळी, राग कसला मानायचा. मी पहाटे जाते, तू रात्री येतेस. त्याच भूखंडाची दोन टोकं आपण बघतो. दिव्याची तक्रार तू केली होतीस का? नसेल तर आज मी करते.

खमंग | मंगळवार, दुपारी ४.००

बावीस वर्षं हॉटेल लाइनमध्ये आहे, वेटरपासून मॅनेजरपर्यंत. दोन्ही बाजूंना माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो.

अर्जदार मनाने कितीही सरळ असो, धंद्याचं गणित त्याला ओढत नेतं. परमिट रूमची परवाना फी तुम्ही एक ग्लास विका की हजार, वर्षाच्या वर्षाला भरायचीच. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवर व्हॅट ५ चा १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढलं. तेव्हापासून गिऱ्हाईक हुशार झालंय, शॉपमधून क्वार्टर घेऊन गाडीत मारतं आणि हॉटेलात फक्त जेवायला येतं. जुलै २०२५ मध्ये बारवाल्यांनी राज्यभर एक दिवस बंद ठेवला तो याचसाठी.

मग तीस-चाळीस खुर्च्यांचा गाळा चालवायचा कसा? गल्लीतल्या लोकांवर चालत नाही. पाथर्डी फाटा, अंबड, सिडकोकडून गिऱ्हाईक यावं लागतं, म्हणजे गाड्या आल्या. एक टेबल दोनदा भरावं लागतं, म्हणजे उशीर आला. जागा पुरत नाही म्हणून पुढच्या सामासिक जागेत (इमारतीभोवती मोकळी सोडतात त्या जागेत) पत्र्याचं शेड येतं, त्याखाली चार टेबलं येतात. सुरुवातीला प्रत्येक जण म्हणतो, 'फॅमिली रेस्टॉरंट'. मी स्वतः अशा तीन ठिकाणी काम केलंय. दोन ठिकाणी सहा महिन्यांत फॅमिली यायची थांबली. तिसरं मेन रोडला होतं, स्वतःचं पार्किंग होतं, वर वस्ती नव्हती. ते आजही छान चालतं, रविवारी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात.

तेव्हा गोदाकाठ म्हणतात तसं चांगलं हॉटेल असतं, नक्की असतं. या गाळ्यात ते होणार नाही, असं माझं अनुभवाचं मत आहे. किचनचा धूर कुठून काढणार, हे अर्जात लिहिलंय का बघा. डक्टमधून चिमणी वर नेली तर पहिल्या मजल्याची भिंत तापते आणि तेल साचतं. आग तिथूनच धरते. भोगवटा दाखल्यावर गाळ्याचा वापर काय लिहिलाय आणि अग्निशमन विभागाचा दाखला आहे का, हे दोन कागद मागाच.

गाळा_क्रमांक_चार | मंगळवार, रात्री १०.०५

नमस्कार. मी अर्जदारांचा मुलगा. धागा कुणीतरी पाठवला. आधी वाटलं उत्तर देऊ नये, पण तुम्ही बहुतेक सगळे मला लहानपणापासून ओळखता.

पप्पा सातपूरच्या कंपनीतून बाहेर पडले तेव्हा मिळालेल्या पैशांतून हा गाळा घेतला. आधी कपड्यांचं दुकान होतं, ते ऑनलाइनने बसवलं. मग मोबाईल रिपेअरिंगवाल्याला भाड्याने दिला, तो आठ महिन्यांत सोडून गेला. दोन वर्षं शटर बंद आहे. घरपट्टी चालू, मेन्टेनन्स चालू, कर्जाचा हप्ता चालू. मी हॉटेल मॅनेजमेंट केलंय, चार वर्षं बाहेर नोकरी केली, आता आई-पप्पांजवळ राहायचंय. ज्यांना विचारलं त्यांनी हेच सांगितलं, नुसत्या जेवणावर भाडं निघत नाही, परमिट घे.

खमंगकाका, सामासिक जागेत शेड टाकणार नाही हे मी लिहून देतो. म्युझिक बाहेर लावणार नाही. पण गाड्यांचं माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य करतो.

नकाशा एजंटने काढलाय, ११२ मीटर त्यानेच टाकलं. आम्ही काही लपवलेलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, तुम्ही मला दहावीला मराठी शिकवलंत. मला हे काहीच माहीत नव्हतं.

तीस_वर्षं_इंदिरानगर | मंगळवार, रात्री १०.३०

लिहून देतो म्हणणारे पुष्कळ बघितले. परवाना हातात आल्यावर कागद कोण विचारतं? पुढे हेच लायसन भाड्याने दुसऱ्याला चालवायला गेलं तर तेव्हा कुणाला शोधायचं?

सकाळची_फेरी | मंगळवार, रात्री १०.५०

दादा, जरा सबुरीने. तो समोर येऊन बोलला, तेवढं तरी बघा. आपण गाळ्याबद्दल बोलतोय, पोराच्या चारित्र्याबद्दल नाही.

बाळा, एक विचारू? शाळेचं मागचं फाटक, जे आपल्या गल्लीत उघडतं, ते नकाशात आहे का?

गाळा_क्रमांक_चार | मंगळवार, रात्री ११.००

नाही काकू. नकाशात फक्त मेन रोडवरचं मोठं फाटक आहे. मागचं तर बंदच असतं ना?

सकाळची_फेरी | मंगळवार, रात्री ११.१०

सकाळी बंद असतं. दुपारी शाळा सुटताना बालवाडीच्या आणि पहिली-दुसरीच्या मुलांना तिथूनच सोडतात, मेन रोडला रहदारी असते म्हणून. माझी नात त्याच फाटकातून बाहेर येते. मी साडेबाराला तिथे उभी असते, आणि बाजूला निदान तीस आया-आज्या.

मोजणीवाले_काका | बुधवार, सकाळी ७.१५

मग सगळं त्या फाटकावर आहे. आता घाईने वाद नको, कागद करा. मुख्याध्यापकांकडून पत्र घ्या, मागचं फाटक केव्हापासून वापरात आहे आणि कुठली मुलं ये-जा करतात एवढंच. नकाशात हे फाटक नाही, सबब अर्जदार आणि रहिवाशांसमोर पुन्हा मोजणी करावी, असा अर्ज उत्पादन शुल्क अधीक्षकांना द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. पोच घ्यायला विसरू नका. पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात स्थळपाहणी अहवालाची प्रत मागा, दहा रुपयांचं काम आहे.

सोसायटीच्या दाखल्याबद्दल: मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या आवारात नवी बिअर किंवा लिकर शॉपी उघडायची तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. ती घोषणा दुकानांविषयी होती. तुमच्या प्रकरणात दाखला मागितला आहे, तेव्हा सभेत ठराव करा, इतिवृत्तात प्रत्येकाचं मत नोंदवा आणि ठरावाची प्रत हरकतीला जोडा. अध्यक्षांनी घरी बोलावून सह्या घेऊ नयेत.

अभ्यासिकेतला | बुधवार, दुपारी १.४०

मी त्याच अभ्यासिकेत बसतो, एमपीएससी. आमचा ७५ मीटरमध्ये हिशोब नाही हे वाचून वाईट वाटलं, पण ठीक. एक सांगायचं होतं. महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वर्षं वय लागतं. आमच्यातले बहुतेक २५ च्या आतले. ओळखपत्र कोण बघतं? मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते आठवा. तो मुलगा तर अठराचाही नव्हता, तरी त्याला दारू मिळाली, आणि दोन जीव गेले.

निकाल लागत नाहीत, घरून फोन येतात. रात्री नऊला डोकं बंद पडतं तेव्हा आम्ही चहाच्या टपरीवर जातो. तिथे चहाऐवजी दुसरं काही मिळत असतं तर मीही गेलो असतो, खोटं कशाला बोलू.

निलगिरी | बुधवार, रात्री ९.००

आवाजाचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे (पंचवटी) हॉटेलच्या बेसने खिडकीची काच थरथरायची. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. रोज पोलिसांना ११२ वर फोन केला, गाडी यायची, आवाज कमी व्हायचा, गाडी गेली की परत सुरू. दीड वर्ष. सासूबाई त्या आवाजातच गेल्या. मी यावर जास्त लिहू शकत नाही. फक्त आधी हरकत घ्या.

सकाळची_फेरी | सोमवार, रात्री ८.१५

काय झालं ते सांगते.

कालची सभा अडीच तास चालली. सोळापैकी तेरा घरं हजर. अकरा जणांनी दाखला देऊ नये म्हटलं, दोघे तटस्थ. ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. तिसऱ्या मजल्याच्या ताई पहिल्यांदाच सभेत बोलल्या, आणि त्यांचे यजमान शेजारी बसून होते. त्यांनी बोलणं झाल्यावर फक्त ताईंसमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

आज दुपारी मोजणी झाली. गाळा चार वाल्यांनी स्वतःहून तसा अर्ज दिला, म्हणून इतक्या लवकर झाली. निरीक्षक साहेब आले, काका त्यांची जुनी पोलादी टेप घेऊन आले. चार नंबरच्या शटरचा मध्य खडूने खुणावला. टेपचं एक टोक त्या मुलानेच धरलं. दुसरं घेऊन शिपाई कडेकडेने चालत गेला, वाटेत लावलेल्या गाड्यांना वळसा घालायचा की नाही यावर थोडं बोलणं झालं. साहेब म्हणाले, गाड्या आज आहेत, उद्या नाहीत, रस्त्याच्या कडेने सरळ घ्या. मागच्या फाटकाला कुलूप होतं. बाहेर आया जमल्या होत्या, साडेबाराची वेळ. शाळेतल्या मावशी किल्ली घेऊन आल्या, त्यांनी फाटक उघडलं आणि मुलं नेहमीसारखी धावत बाहेर आली. टेप त्यांच्या पायांत येऊ नये म्हणून शिपायाने ती उचलून डोक्यावर धरली. सगळी मुलं गेल्यावर आकडा वाचला: ६१ मीटर ४० सेंटीमीटर.

पंचनामा लिहिला. मुख्याध्यापिकांचं पत्र जोडलं, त्यात हे फाटक एकोणीस वर्षांपासून वापरात असल्याचं लिहिलंय. त्या मुलानेही सही केली. अहवाल आता जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. निर्णय व्हायचाय, एजंट म्हणे 'ते नेहमीचं फाटक नाही' असा मुद्दा मांडणार आहे.

आणि रात्रपाळी, भूखंडाजवळचा दिवा काल लागला. बघितलास?

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.५५

आत्ताच आले. बघितला. भूखंडावर दोघंच होते, मला बघून उठून गेले.

गाळा_क्रमांक_चार | मंगळवार, सकाळी ९.२०

एजंटला मी काल रात्री नको म्हणून कळवलं. टेप धरल्यावर ती मुलं अंगावरून पळाली, मीही त्याच शाळेत होतो. पप्पा अजून नाराज आहेत. हप्ता तर आहेच. पण अर्ज मागे घेतोय, या आठवड्यात पत्र देईन.

आता नुसत्या जेवणावर काय करता येईल ते बघतोय. खमंगकाका, तुमच्याशी बसायचं होतं.

खमंग | मंगळवार, दुपारी ३.३०

ये रे, कधीही. गाळा छोटा ठेव, अर्ध्यात किचन, बसायला सहा टेबलं, बाकी पार्सल. अभ्यासिकेची पोरं दुपारी आणि रात्री जेवतात कुठे, ते आधी विचार. महिन्याचे डबे बांधले की भाड्याएवढं त्यातून उभं राहतं. चिमणी डक्टमध्ये नको, मागच्या बाजूने काढ. खर्च जास्त येईल, पण तेच कर.

अभ्यासिकेतला | मंगळवार, दुपारी ३.५०

सध्या आम्ही सतरा जण पाथर्डी फाट्यावरून डबा मागवतो. वरण रोज गार येतं.

रात्रपाळी | मंगळवार, सायंकाळी ५.१५

पावणेबाराला गरम पिठलं-भाकरी मिळणार असेल तर माझी रोजची दोन पार्सलं धर. दुसरी पाळी सुटली की आमच्याकडच्या सगळ्याजणी उपाशीच घरी जातात.

गाळा_क्रमांक_चार | मंगळवार, सायंकाळी ५.२०

ताई, दुसऱ्या पाळीला तुम्ही किती जणी असता?